बसले की मणी परत

राक्षस समोर उभा होता आणि माझ्या वाटीत एकच मणी उरला होता. राक्षस म्हणजे दर्शना मॅडम, आमच्या मालकीण. टेबलाच्या पलीकडे पुठ्ठ्याचा आडोसा लावून त्या बसल्या होत्या आणि राक्षसाचं बोलणं त्याच बोलत होत्या. माझ्या उजव्या हाताला प्रथमेश, तो बँकेत आहे. डाव्या हाताला ऋतुजा, ती कॉलेजात शिकवते. सगळे माझ्याकडे बघत होते. लोक एकदम माझ्याकडे बघायला लागले की माझे कान तापतात. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "मी बसते."

"बसलेल्याच आहात ना ताई," प्रथमेश म्हणाला.

"मी नाही. माझी बाई बसते."

या एका वाक्याने आमच्या कंपनीचं पुस्तक छापायला जाता जाता थांबलं. ते कसं, हे समजायला आधी आमचं काम सांगते.

गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. आम्ही खेळ बनवतो. हे खेळ सोंगट्या पुढे सरकवायचे नाहीत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, म्हणजे समोर किल्ला आहे, दारात पहारेकरी आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की नाही, ते फासा टाकून ठरतं. यात कुणी हरत नाही आणि कुणी जिंकत नाही असं म्हणतात, पण भांडणं मी स्वतः ऐकली आहेत.

मी पॅकिंगला आहे. प्रेसमधून छापलेले फर्मे येतात. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. फर्मे टेबलावर ओळीने लावायचे, टेबलाभोवती फिरत एकेक उचलायचा, की एक पुस्तक जमतं. मग ते बाइंडरकडे जातं. तिथून आलं की खोक्यात पुस्तक, फासे, मणी, पत्ते भरायचे. चार वर्षं मी हे करते. वीस तोंडांचा फासा मी डोळे मिटून हाताने ओळखते. तो टाकतात कशाला, ते मात्र त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं.

मूळ खेळाचं एक जाड पुस्तक असतं. त्याला जोडायला नंतर पुरवण्या निघतात. ऑफिसात त्यांना सप्लिमेंट म्हणतात. ही नवी सप्लिमेंट मनाच्या शक्तींची होती. मंत्र नाही, अंगारा नाही, नुसत्या मनाने दुसऱ्याच्या डोक्यातलं ऐकायचं, लांबची वस्तू हलवायची, समोरच्याला भीती घालायची. ती तन्मयने लिहिली होती. तन्मय आमचा नियम लिहिणारा. सत्तावीस वर्षांचा, मुलुंडहून येतो. या पुस्तकावर त्याने दोन वर्षं घातली होती.

आता त्यातली अडचण. याच्या आधीची पुरवणी जहाजांची होती. तिच्यात एक नियम असा निघाला, की मोठ्या जहाजाला वारा लागायचाच नाही. लोकांची जहाजं बंदरातच उभी. दुकानांतून पुस्तकं परत आली. मग शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापल्या आणि मी आणि माझ्या जोडीला पॅकिंगला असलेल्या हिराबाईंनी त्या एकेका पुस्तकात चिकटवल्या. तेव्हा मॅडमनी सगळ्यांना एकत्र बोलावून शांतपणे सांगितलं, की असं आणखी एकदा झालं तर पुरवण्या बंद. मग आपण लोकांच्या मिठाईचे खोके बनवू. खोक्यांना नियम लिहिणारा लागत नाही, हे तन्मयला न सांगता कळलं. ओरडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

म्हणून या वेळी छापायच्या आधी मॅडमनी ब्लाइंड टेस्ट ठेवली. तिचा डोळ्यांशी संबंध नाही. पुस्तक बाहेरच्या माणसांच्या हातात द्यायचं, काही समजावून सांगायचं नाही, आणि त्यांना त्यातून काय कळतं ते बघायचं. लिहिणाऱ्याने खोलीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की लिहिणारा मध्ये बोलला की त्याच्या पुढ्यात एक लाल सोंगटी ठेवतात. तीन सोंगट्या झाल्या की त्याने बाहेर गॅलरीत जाऊन उभं राहायचं. दाराला काच आहे. बाहेरून सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही.

शनिवार दुपार होती. फाइल सोमवारी प्रेसला जायची होती. टेस्टला तीन जण हवे होते आणि तिसरा माणूस आलाच नाही. त्याच्याकडे सिलेंडर येणार होता. मॅडमनी आमच्या पॅकिंगच्या टेबलाकडे पाहिलं. हिराबाईंनी ताबडतोब हातातला डिंकाचा डबा वर उचलून दाखवला, म्हणजे काम चालू आहे. उरले मी.

"सुगंधाताई, तुम्ही बसाल का?"

मी म्हणाले, मला येत नाही.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

तन्मयला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, ताईंना मूळ खेळच माहीत नाही, तर निकाल खरा कसा येणार. त्याने ही सप्लिमेंट आधी सहा वेळा खेळून तपासली होती, आणि खेळणारे सगळे कॉलेजपासून हेच खेळणारे होते. मॅडम म्हणाल्या, जहाजंसुद्धा त्यांनीच तपासली होती. तन्मय जाऊन स्टुलावर बसला.

हिराबाई माझ्या कानाशी आल्या. "जा गे बाय. तिकडे पंखा तरी आसा."

माझी शाळा चौथीपर्यंत. मला वाचता येतं, पण सावकाश आणि ओठ हलवत. एखादा शब्द सुटला तर मागे जाऊन पुन्हा वाचते. फर्मे जुळवताना एक पान सुटलं की सगळं पुस्तक फुकट जातं, त्यामुळे सोडून पुढे जायची सवय नाही. मी नियमांची दोन पानं वाचेपर्यंत त्यांचे दोन चहा झाले. प्रथमेशने पानं नुसती चाळली. ऋतुजाने चित्रं पाहिली. त्यांना बाकीचं माहीतच होतं.

माझं पात्र होती एक योगिनी. नाव मृगनयना. ते घ्यायला मला लाज वाटत होती, म्हणून मी तिला माझी बाई म्हणत होते. तिच्यापुढे वाटी आणि वाटीत सात मणी. हे तिचं मनोबल. शक्ती वापरली की मणी काढून ठेवायचे. दुसऱ्याच्या मनातलं ऐकायला दोन, वस्तू हलवायला तीन, भीती घालायला चार. आणि पानाच्या तळाला एक ओळ होती: 'विश्रांती घेतल्यावर सर्व मणी परत मिळतात.' ती मी दोनदा वाचली.

खेळ सुरू झाला. नऊ दारांचा किल्ला, आत राक्षस. तो बाहेर आला तर गाव खाणार. पहिल्या दारात भाला घेतलेला पहारेकरी. प्रथमेश म्हणाला, मी तलवार काढतो. मला मारामारी नको होती. मी विचारलं, या माणसाच्या मनात काय चाललंय ते माझ्या बाईला ऐकता येईल का. मी दोन मणी काढून ठेवले.

मॅडमनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, त्याची पाळी केव्हाच संपली आहे आणि पुढचा माणूस अजून आलेला नाही.

"मग त्याला सांगते, तू जा घरी. तुझा माणूस येईपर्यंत आम्ही उभे राहतो."

मॅडमनी फासा टाकला. पहारेकरी गेला. त्याने जाताना किल्लीसुद्धा दिली.

प्रथमेशने तलवार आत ठेवली. ऋतुजा हसली. मी म्हणाले, आता माझी बाई बसते, आणि दोन मणी उचलून परत वाटीत टाकले.

"ताई, असं नाही होत," प्रथमेश म्हणाला. "रात्रभर झोपावं लागतं."

"कुठे लिहिलंय?"

मी खरंच विचारलं होतं. मला वाटलं माझंच एखादं पान राहिलं. प्रथमेशने पुस्तक उघडलं. ऋतुजाने उघडलं. दोघं पुढे-मागे पानं उलटत राहिले. मागून तन्मय म्हणाला, "अहो, ते सगळ्यांना माहीतच असतं." मॅडमनी न बघता त्याच्यापुढे पहिली सोंगटी ठेवली.

मूळ खेळाच्या जाड पुस्तकात विश्रांतीचा नियम होता, पण तो जखमा भरण्यापुरता. मण्यांबद्दल त्यात काही नव्हतं, कारण तेव्हा मणी नव्हतेच. जुन्या खेळणाऱ्यांनी तो आपल्या मनानेच इकडे लावला होता. लिहायचं कुणाला सुचलं नाही. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात जे आहे तेच चालेल. ताई बसल्या, तर मणी परत.

दुसऱ्या दारात साखळदंड होता. मी तो मनाने हलवला, बाई बसली, उठली. तिसऱ्या दारात दोन कुत्रे होते. त्यांना भीती घातली, बसली, उठली. चौथ्या दारापर्यंत ऋतुजाच्या लक्षात आलं आणि तिचं पात्रही बसायला लागलं. पाचव्यापासून प्रथमेशही. तो सुरुवातीला म्हणत होता, यार, हे चीटिंग आहे. सातव्या दारापर्यंत तो सगळ्यांच्या आधी बसत होता. आमची तिन्ही पात्रं त्या किल्ल्यातून बसत उठत चालली होती, जिना चढताना मी आणि हिराबाई चालतो तशी. आम्हाला कुणी अडवू शकेना.

तन्मयला दुसरी सोंगटी मिळाली ती "निदान कुत्र्यांसमोर तरी" असं म्हटल्यावर. तिसरी मिळाली तेव्हा तो काही बोललाही नव्हता. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरून आवाज काढला होता. मॅडम म्हणाल्या, तो बोलण्यात धरते. तो गॅलरीत गेला.

मग नववं दार आणि राक्षस. मी त्याला भीती घातली, चार मणी. ऋतुजाच्या वाटेतला दगड हलवला, दोन मण्यांत, कारण तिच्याकडे मदतीचा पत्ता होता आणि एक मणी वाचला. एक उरला. तेव्हा मी म्हणाले, मी बसते.

"राक्षस तुमच्यासमोर आहे," मॅडम म्हणाल्या.

"असू दे. तो उभा आहे. मी बसले."

बसायला एक पाळी जाते असंही पुस्तकात नव्हतं. वाटीत पुन्हा सात मणी झाले. मॅडमनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. राक्षसालाही मनाच्या शक्ती होत्या आणि त्याच्या वाटीत वीस मणी होते. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. राक्षस पण बसला."

त्याचे वीस परत, माझे सात परत. त्याने मला भीती घातली, मी त्याला घातली. तो बसला, मी बसले. पाऊण तास हे चाललं. कुणी मरेना, कुणी हरेना. ऋतुजाने बिस्किटाचा पुडा फोडला. प्रथमेशने मोबाइल काढला. काचेबाहेर तन्मय कपाळ टेकून उभा होता. त्याला आतलं ऐकू येत नव्हतं, पण मण्यांच्या वाट्या दिसत होत्या.

शेवटी मॅडमनी आडोसा खाली केला आणि त्याला आत बोलावलं. म्हणाल्या, "फाइल सोमवारी जात नाही."

तन्मयचा चेहरा उतरला. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही मुद्दाम केलंत का?"

मला त्या क्षणी खाली पॅकिंगला जावंसं वाटलं. पॅकिंग त्याच मजल्यावर आहे, तरी मला खालीच जावंसं वाटलं. मी नाही म्हणून मान हलवली. ऋतुजा म्हणाली, त्यांनी फक्त वाचलं रे, आपण वाचलंच नाही.

मग तन्मय सावरला. म्हणाला, हे एका ओळीचं काम आहे. 'विश्रांती म्हणजे सलग आठ तास झोप.' आत्ता घालतो, सोमवारी फाइल जाईल. प्रथमेश म्हणाला, बरोबर, सगळीकडे असंच असतं. मॅडमनी पेन उघडलं. त्यांनाही उशीर नकोच होता.

मला माहीत होतं की मी आता गप्प बसावं. माझं काम झालं होतं. पण मला ती ओळ छापलेली दिसत होती, आणि तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठीही दिसत होती. तो मुलगा पुन्हा मान खाली घालून बसलेला दिसत होता.

मी म्हणाले, "सलग आठ तास कोण झोपतं?"

आवाज इतका लहान आला की मॅडमनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा म्हणावं लागलं. आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी येतं, हेही मी सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

प्रथमेश हसायला लागला आणि मध्येच थांबला. म्हणाला, ताईंचं एक बरोबर आहे. आठ तासांचा नियम असला की आम्ही प्रत्येक खोलीनंतर झोपतो. एक कुत्रा मारला, झोपलो. दार उघडलं, झोपलो. किल्ल्यात आठवडा जातो आणि राक्षस आपला बसलेला. म्हणजे ताईंसारखंच, फक्त आडवं होऊन. इतकी वर्षं आम्ही तेच करतोय.

मॅडमनी पेन बंद केलं. "मग विश्रांती कशाला म्हणायचं, सुगंधाताई?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी वाटीतल्या मण्यांकडे बघत सांगितलं, "बसले आणि कुणी हाक मारली नाही, तर ती विश्रांती. हाक आली की गेली."

तन्मय स्टूल ओढून टेबलाजवळ आला.

"कुणी हाक मारली की? सोबतच्या पात्राने?"

"कुणीही."

"आणि राक्षसाने मारली तर?"

"तर उठायलाच लागेल ना. राक्षस आहे तो."

तन्मयने डोळे मिटले. मला वाटलं रागावला. मग तो इतक्या भराभर लिहायला लागला की ऋतुजाला त्याच्या हाताखालून बिस्किटं काढून घ्यावी लागली. त्याचं म्हणणं मला जेवढं कळलं ते असं. बसलेल्याची विश्रांती तीन फेऱ्यांची. तेवढ्यात टेबलावरच्या कुणीही त्याला हाक मारली, काही विचारलं, काही मागितलं, तर एकही मणी परत नाही. शत्रूसुद्धा हाक मारू शकतो, म्हणून लढाईत बसून काही उपयोग नाही. आधी लांब जाऊन जागा शोधायची, कुणाला तरी पहाऱ्याला ठेवायचं, आणि त्याने आपलं आपण निभवायचं. तो म्हणाला, मणी मोजायचा नियम नुसता हिशेब होता, आता त्यात भीती आली. मला त्यात नवीन काही वाटलं नव्हतं.

मंगळवारी पुन्हा टेस्ट झाली. तीच माणसं, तोच किल्ला, फक्त या वेळी टेबलावर वडे आणि चटणी. पाचव्या दारानंतर आम्ही एका कोठीत लपलो. माझी बाई बसली. दोन फेऱ्या नीट गेल्या. ऋतुजाने एकटीने दोन पहारेकरी अडवले, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिसरी फेरी संपायला आली आणि प्रथमेश पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, "ताई, जरा ती चटणी सरकवा ना."

मॅडमनी वाटीवर हात ठेवला. मणी नाहीत.

ऋतुजा प्रथमेशला जे म्हणाली ते मी लिहीत नाही. सातव्या दारात आम्ही तिघंही मेलो. गावही गेलं. गॅलरीत तन्मय दोन्ही हात वर करून उड्या मारत होता. त्या दिवशी त्याला बाहेर कुणी पाठवलं नव्हतं, तो आपणहून गेला होता.

फाइल नऊ दिवस उशिरा प्रेसला गेली. उशीर का झाला म्हणून मॅडमना दुकानदारांचे फोन घ्यावे लागले, त्यांनी घेतले. फर्मे आले, मी आणि हिराबाईंनी जुळवले, खोकी भरली. चार महिने झाले, एकही चिठ्ठी चिकटवावी लागलेली नाही. तन्मय आता दुसरी पुरवणी लिहितो आहे, भुयारांची. दर शुक्रवारी दोन पानं आणून माझ्या टेबलाच्या कडेला ठेवतो आणि लांब जाऊन उभा राहतो. मॅडम पुस्तकात माझं नाव घालणार होत्या. मी नको म्हणाले. म्हणून आभारात 'पॅकिंग विभाग' असं छापलं. हिराबाई ते पान येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात आणि लोक त्यांना शाबासकी देऊन जातात. त्या ती घेतात.

मी यातून जे शिकले ते एवढंच. जो नियम सगळ्यांना माहीत असतो, तो लिहायचा राहतो. तो शोधायचा तर ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला सावकाश वाचू द्यावं, आणि लिहिणाऱ्याने काचेबाहेर थांबावं.

हाक न मारण्याचा नियम किल्ल्यात उत्तम चालतो. पॅकिंगच्या टेबलावर तो अजून लागू झालेला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी पंख्याखाली बसून हे लिहायला घेतलं, तेव्हापासून मला सहा वेळा हाक आली आहे. त्यातल्या दोन तन्मयच्या होत्या.